तारीख कोण बघतंय? नोंदणी कार्यालयातल्या सगळ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींमधले विवाह निबंधक, जन्म-मृत्यू निबंधक आणि त्यांच्या शेजारी कॉम्प्युटरवर बसणारे ऑपरेटर भाऊ-ताई

विषय: दाखल्यावर शिक्का मारायच्या आधी तो आम्हाला एकदा वाचू देण्याबाबत

साहेब, मॅडम, नमस्कार.

विषय वाचूनच तुम्ही म्हणाल की एवढ्यासाठी खुलं पत्र कशाला, आवक-जावकला अर्ज द्या की. दिलाय हो. आमच्या विवाह दाखल्यावरची चुकलेली तारीख दुरुस्त करायचा अर्ज सासऱ्यांनी दिलाय, पोच पण घेतलीये आणि पोचेवर तुमचा गोल शिक्का एकदम ठळक उमटलाय. ऑफिस कुठलं ते मी सांगणार नाहीये, जिल्हासुद्धा नाही, कारण सासरे अजून त्याच गावात राहतात आणि घरपट्टीपासून नळ कनेक्शनपर्यंत सगळी कामं त्यांना तिथूनच करून घ्यायचीयेत. आणि हे एका ऑफिसचं नाहीचे. इथे न्यू जर्सीत गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत नुसता विषय काढला तर प्रत्येकाकडे एकेक किस्सा निघाला, कुणी नागपूरचा कुणी साताऱ्याचा, आणि सगळ्यांच्या किश्शात कुणीतरी एक जण म्हणतोच की "चालतंय हो, कोण बघतंय".

तर बघतात. कोण बघतं आणि बघितल्यावर काय होतं ते सांगायलाच हे लिहितोय.

आमचं लग्न डिसेंबर २०२० मध्ये झालं. कोरोनामुळे ५० माणसांची परवानगी, त्यात वाजंत्री आणि आचारीही मोजले, भटजी हनुवटीवर मास्क ठेवून मंगलाष्टकं म्हणत होते. मी लग्नाच्या आधीच अमेरिकन नागरिक झालेलो, बायको भारतीय. ऑफिसं तेव्हा धड चालू नव्हती, त्यामुळे नोंदणीला नंबर लागला थेट मार्च २०२१ मध्ये. तोपर्यंत मी तिकडूनच वर्क फ्रॉम होम करत होतो म्हणून बरं. नोंदणीचा अर्ज, दोघांचे आधार, फोटो, तीन साक्षीदार, भटजींची सही आणि लग्नपत्रिका असं सगळं व्यवस्थित लावून दिलं. पत्रिका सगळ्यात वर स्टेपल केली होती. लाल शाईत तारीख, वार, तिथी, मुहूर्ताची वेळ मिनिटासकट छापलेली. म्हणजे अगदी डोळे मिटून टाइप केलं नाही तर चुकायला जागाच नाही अशी.

दाखला हातात आला. विवाह दिनांक: मार्च २०२१. नोंदणी दिनांक: मार्च २०२१, तोच दिवस. म्हणजे कागदाप्रमाणे आमचं लग्न तुमच्याच ऑफिसात, कामकाजाच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या आसपास लागलं.

जिन्यातच लक्षात आलं बायकोच्या. ती तशीच उलटी फिरली आणि टेबलावर दाखला ठेवून म्हणाली की तारीख चुकलीये. तर समोरून उत्तर, "मॅडम, लग्न झालंय ना तुमचं? मग झालं तर. तारीख कोण बघतंय? आता रजिस्टरला चढलंय ते. छान लॅमिनेशन करून ठेवा." चिडून नाही बरं का, हसत, अगदी घरच्यासारखं. चहा पण विचारला. त्यामुळे भांडायची सोयच राहिली नाही. चारपाच दिवसांत माझं विमान होतं, सासरे म्हणाले तुम्ही निघा, मी बघतो. लॅमिनेशन तेवढं केलं नाही, देवाची कृपा.

आता "तारीख कोण बघतंय" याचं उत्तर. अमेरिकेचा कायदा असा आहे की नागरिकाचा नवरा किंवा बायको ग्रीन कार्डवर देशात पाऊल ठेवते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असतील तर दहा वर्षांचं सरळ कार्ड मिळतं, आणि दोन वर्षांना एक दिवस जरी कमी असेल तर दोन वर्षांचं, अटीवरचं. पहिल्याला आयआर-१ म्हणतात, दुसऱ्याला सीआर-१. बायको इथे उतरली जानेवारी २०२३ मध्ये, संक्रांतीच्या आदल्या दोन दिवसांत. डिसेंबर २०२० पासून मोजा, दोन वर्षं होऊन वर महिना झालेला. मार्च २०२१ पासून मोजा, दोन महिने कमी. आम्ही सगळ्या फॉर्मवर खरी डिसेंबरचीच तारीख लिहिली होती, पत्रिकेचं भाषांतर जोडलं होतं, फोटो होते. व्हिसाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने एका हातात फॉर्म आणि एका हातात तुमचा दाखला धरला आणि दाखला मानला. त्याचं तरी काय चुकलं? सरकारी शिक्का दाखल्यावर आहे, पत्रिका काय कुणीही छापतं.

झालं. सीआर-१.

तुम्हाला वाटेल दोन वर्षांचं काय नि दहा वर्षांचं काय, कार्ड ते कार्ड. तर अटीवरच्या कार्डाची मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ नावाचा अर्ज करावा लागतो, नवरा-बायको दोघांच्या सहीने. त्याची फी ७५० डॉलर. आणि त्यात सिद्ध काय करायचं, तर आमचं लग्न खरं आहे, कार्डासाठी केलेलं नाही. बायको महिनाभर पुरावे गोळा करत होती. जॉइंट अकाउंटची स्टेटमेंटं, घराचं भाडेपत्र, दोघांच्या नावाचं विजेचं बिल, गाडीचा इन्शुरन्स, टॅक्सचे रिटर्न, मित्रांची पत्रं की हो बाबा, हे एकत्र राहतात, आम्ही यांच्याकडे जेवलोय. गुढीपाडव्याचा फोटो, त्यात माझे डोळे मिटलेले, तर दुसरा शोधा. एका रात्री ती डायनिंग टेबलवर सगळे कागद पसरून बसली होती आणि म्हणाली, "तुझ्या आईला सुद्धा मी एवढे पुरावे दिले नाहीत." हसलो आम्ही, पण नंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही. कारण हा अर्ज आम्हाला करायलाच लागायला नको होता. ज्यांच्या लग्नाला खरंच दोन वर्षं झालेली नाहीत त्यांच्यासाठी आहे तो.

आता कुणी म्हणेल वकील करून तेव्हाच दुरुस्त करून घ्यायचं. विचारलं ना वकिलाला. तो म्हणाला कार्डाचा प्रकार बदलून मिळतो, पण आधी दुरुस्त केलेला विवाह दाखला आणा. म्हणजे चेंडू परत तुमच्या अंगणात.

मग सासऱ्यांच्या खेपा सुरू झाल्या. त्यांचं वय ७० च्या पुढे, गुडघे गेलेले, आणि तुमचं टेबल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा साहेब मीटिंगला. एकदा सर्व्हर डाऊन. एकदा सगळा स्टाफ इलेक्शन ड्युटीवर, ते मी समजू शकतो, त्यात तुमचा दोष नाही. एकदा म्हणाले ज्याने टाइप केलं तो ऑपरेटर कंत्राटावर होता, तो गेला, आता त्याची नोंद आम्ही कशी बदलायची. एकदा म्हणाले मुलगी आणि जावई दोघं समक्ष पाहिजेत. एकदा म्हणाले कोर्टातून ऑर्डर आणा. मग कुठल्या कोर्टातून, कुठल्या कलमाखाली, असं सासऱ्यांनी विचारलं (ते शाळेत हेडमास्तर होते, कागदाला घाबरणारे नाहीत) तर उत्तर आलं की ते वकिलाला विचारा. प्रतिज्ञापत्र मागितलं, दिलं. मग म्हणाले ते शंभरच्या स्टॅम्पवर नको, पाचशेच्या पाहिजे. ते दिलं. मग साहेब बदलले.

आणि खाली गेटजवळ झेरॉक्सवाला बसतो त्याने मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, कशाला हेलपाटे मारताय, द्या माझ्याकडे, आतनं करून आणतो, वर अपोस्टिल पण करून देतो." अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का. अमेरिकेच्या इमिग्रेशनला आपल्या दाखल्याचं अपोस्टिल लागतच नाही, नुसतं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही लागते, पण ते जाऊ दे. मला कळत नाही ते हे, की जे काम वरच्या मजल्यावर कोर्टाच्या ऑर्डरशिवाय होत नाही ते खालच्या टपरीवर कसं होतं? बायको म्हणाली एक रुपया द्यायचा नाही. तिचं बरोबर आहे. सासऱ्यांचे गुडघे मात्र त्याची किंमत देतायत.

मध्ये काळ काही थांबत नाही. आय-७५१ भरलं की जुन्या कार्डाला ४८ महिन्यांची मुदतवाढ मिळते, साध्या पावतीच्या कागदावर. ती पावती घेऊन बायको दोनदा भारतात येऊन गेली, दर वेळी विमानतळावर काउंटरवाला कार्डाची संपलेली तारीख बघून सुपरवायझरला बोलावतो आणि मागची लाइन आमच्याकडे खाऊ की गिळू असं बघते. आणि मग आलं नागरिकत्व. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल आणि एकत्र राहत असाल तर पाचऐवजी तीन वर्षांनी अर्ज करता येतो, तीन वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी भरला तरी चालतो. तो अर्ज म्हणजे एन-४००. आम्ही ऑक्टोबर २०२५ च्या मध्यात ऑनलाइन भरला, फी ७१० डॉलर. घाई एवढ्यासाठी की २० ऑक्टोबरपासून परीक्षा बदलणार होती. त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांमधले २० विचारणार आणि १२ बरोबर यायला हवेत, आधीच्यांना जुनीच, १०० मधले १० आणि ६ आले की पास. बरोबर नरक चतुर्दशीचा दिवस होता तो. बायको म्हणाली अभ्यंगस्नान करून १२८ प्रश्न पाठ करायची माझी इच्छा नाही, आत्ताच भरून टाकू.

अभ्यास तिने मन लावून केला. पोळ्या लाटताना फोन लावून ठेवायची, घटनेत किती दुरुस्त्या, २७, सिनेटर किती, १००, सुप्रीम कोर्ट काय करतं. मुलाखतीत विचारलेल्या प्रश्नांची फटाफट उत्तरं दिली, वाचायला दिलेलं वाक्य वाचलं, लिहायचं लिहिलं. अधिकारी बाई हसून म्हणाल्या परीक्षा पास. मग फाइल उघडली. आय-७५१ अजून पेंडिंगच होतं, ते आणि एन-४०० एकत्रच बघणार होत्या त्या, म्हणून मलाही आत बोलावलं. पहिला प्रश्न, लग्न कधी झालं? बायको म्हणाली डिसेंबर २०२०. मी म्हणालो डिसेंबर २०२०. बाईंनी दाखला आमच्याकडे फिरवला आणि त्या तारखेवर पेनाचं टोक ठेवलं.

देशाच्या घटनेत किती दुरुस्त्या झाल्या ते जिला पाठ, तिला स्वतःच्या लग्नाच्या तारखेवर खुलासा द्यायला लागला. शपथेखाली, हे लक्षात घ्या. त्या खोलीत बसायच्या आधी उजवा हात वर करून खरं बोलेन असं सांगावं लागतं. तिथे तुमचा सरकारी कागद म्हणतो एक आणि माणूस म्हणतो दुसरं, तर संशय कुणावर जाणार?

आणि नुसती तारीख असती तरी एक वेळ. त्याच दाखल्यावर मराठीत बायकोच्या नावामागे तिच्या वडिलांचं नाव आहे, जे बरोबर आहे, लग्नाआधीचं नाव तेच. शेजारी इंग्रजीत मात्र तिच्या नावामागे माझं नाव आणि आडनाव वडिलांचं. असं नाव जगात कुणाचंच नाही. शिवाय आडनावातला व पासपोर्टवर डब्ल्यूने आणि तुमच्याकडे व्हीने. बाईंनी विचारलं की हा मधला पुरुष कोण? आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं, मग आडनाव, हे त्यांना समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पण लिहून घेताना चेहऱ्यावर दिसत होतंच की एका कागदावर एकाच बाईच्या मध्ये दोन वेगवेगळे पुरुष कसे, हे काही पटलेलं नाही. एन-४०० मध्ये आजवर वापरलेली सगळी नावं लिहायची असतात. जे नाव तिने कधी वापरलंच नाही, फक्त तुमच्या कॉम्प्युटरने वापरलं, तेही आता त्या यादीत आहे.

निघताना हातात एक कागद मिळाला, त्यावर चौकटीत खूण की परीक्षा पास पण निर्णय आत्ता देता येत नाही. सोबत एन-१४ नावाचं पत्र, त्यात मागितलंय की दाखला देणाऱ्या कार्यालयाकडून दुरुस्त दाखला किंवा लेखी खुलासा आणा. त्याला मुदत आहे. पोचेवरच्या तुमच्या शिक्क्याला नाहीये.

आता मला तुमच्यावर नुसतं तोंडसुख घ्यायचं नाहीये. एका टेबलावर जन्म, मृत्यू, विवाह, वर घरपट्टी वसुली, वर निवडणूक, वर कुठलं तरी अभियान, आणि टाइप करायला कंत्राटी पोरगा ज्याचा पगार तीन महिने अडकलेला. चूक होणारच. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, माणूस टाइप करणार म्हणजे चुकणार हे मला नवीन नाही. आणि अमेरिकावाले काय धुतल्या तांदळाचे नाहीत. आमच्याच बिल्डिंगमध्ये एकाच्या ग्रीन कार्डावर जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे छापून आले. पण त्यांची एक गोष्ट बघा. चूक त्यांची असेल तर कार्ड बदलायचा आय-९० अर्ज फुकट. नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर त्यांच्याकडून चूक झाली तर तेही फी न घेता बदलून देतात. आणि शपथविधीच्या दिवशी सर्टिफिकेट हातात देताना सांगतात, हॉलच्या बाहेर पडायच्या आधी नाव, जन्मतारीख नीट वाचा आणि चूक असेल तर आत्ताच सांगा. माझ्या वेळी शेजारच्या आजोबांच्या नावात एक अक्षर गळलं होतं. त्यांनी हात वर केला, एक जण येऊन कागद घेऊन गेला. कुणी म्हणालं नाही की आजोबा, शपथ झाली ना, मग झालं तर.

अमेरिकेचं सोडा. आपल्याच पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवर बसलेली मुलगी स्क्रीन तुमच्याकडे वळवते आणि म्हणते स्पेलिंग चेक करा. तेवढंच. ते एवढ्या मोठ्या व्यवस्थेत जमतं, मग विवाह दाखल्याची एक कच्ची प्रत साध्या कागदावर काढून नवरा-बायकोच्या हातात द्यायला, त्यांनी वाचून खाली "बरोबर आहे" म्हणून सही करायला आणि मगच पक्की प्रत काढायला काय अडचण आहे? पाच मिनिटं जातील. सही केल्यावर चूक निघाली तर आमच्या माथी मारा, तक्रार नाही.

इंग्रजी स्पेलिंगचं तर मनानं करूच नका, प्लीज. कॉम्प्युटरला मराठीवरून इंग्रजी आपोआप करायला लावलं की तो पवारांचा व कधी डब्ल्यू करतो कधी व्ही, शिंद्यांच्या शेवटी कधी ई कधी ए-वाय. अर्जातच एक रकाना ठेवा, पासपोर्टप्रमाणे नावाचं स्पेलिंग, एकेका अक्षराला एकेक चौकोन. आणि बाईचं लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव वेगवेगळ्या ओळीत, कारण हल्ली कुणी बदलतं कुणी बदलत नाही, गृहीत धरून चालत नाही.

दुसरं, दुरुस्ती कशी करायची ते भिंतीवर लावा. जन्माच्या नोंदीचं तरी बरं आहे, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात कलम १५ स्पष्ट आहे की चूक सिद्ध झाली तर मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून निबंधकाने सही आणि तारीख टाकायची. म्हणजे कायद्यानेच गृहीत धरलंय की तुमच्याकडून चूक होऊ शकते, त्यात लाज कसली? पण किती टेबलांवर हे सांगितलं जातं? बारशाआधीच हॉस्पिटलने जन्म कळवून टाकला म्हणून नावाचा रकाना कोरा राहिलेल्या दाखल्यांचे किती तरी लोक माझ्या ओळखीत आहेत. कलम १४ प्रमाणे नाव नंतर घालता येतं हे त्यांना चाळिशीत, ग्रीन कार्डाच्या वेळी, कुणीतरी व्हॉट्सॲपवर सांगितलं. अमेरिकेला १ एप्रिल १९७० नंतर जन्मलेल्या भारतीयाकडून जन्मदाखलाच लागतो, नसेल तर नोंद सापडत नाही असं तुमचं लेखी प्रमाणपत्र आणि वर शाळा सोडल्याचा दाखला वगैरे. आता शाळेच्या दाखल्यावर आपल्याकडे अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचा. गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने घातलेला. माझ्या सासऱ्यांचा स्वतःचा वाढदिवस १ जूनला, त्यांच्या दोन्ही भावांचाही, आणि हेडमास्तर झाल्यावर त्यांनी स्वतःच शेकडो पोरांना १ जूनला जन्माला घातलंय, हे ते मिश्किलपणे सांगतात. शाळेच्या रजिस्टरमधली उघड चूक शाळा सोडल्यावरही दुरुस्त होऊ शकते असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये सांगितलंय, तरी शाळेच्या ऑफिसात आजही ऐकायला मिळतं की एकदा दाखला दिला की विषय संपला.

२०२३ मध्ये जन्म नोंदणीच्या कायद्यात बदल झाला, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, लायसन्स, मतदार यादी, आधार, पासपोर्ट, सगळ्याला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. चांगलंय. पण याचा अर्थ तुमच्या त्या ऑपरेटरने आज दुपारी टाइप केलेला एक शब्द त्या पोराच्या गळ्यात जन्मभर राहणार. आधी निदान चार कागद असायचे, एक चुकला तर तीन साक्षीला उभे राहायचे.

तिसरं, लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे, विवाह दाखला किती दिवसांत द्यायचा त्याचा बोर्ड तुमच्या जिन्यात लागलाय, उशीर झाला तर अपील कुणाकडे तेही लिहिलंय. उत्तम. पण चुकीचा दाखला वेळेत दिला की तुमच्या रजिस्टरला सेवा पूर्ण. दुरुस्तीचा अर्ज त्या बोर्डावर कुठेच नाही, म्हणून त्याला दिवसांची मर्यादा नाही, म्हणून सासरे जिना चढतायत. वरच्या साहेब लोकांपैकी कुणी हे वाचत असेल तर ही एक ओळ त्या बोर्डावर वाढवा: दुरुस्ती, इतके दिवस, अमुक अधिकारी, अमुक कागद. आणि परदेशात असलेल्यांना समक्ष बोलावू नका. मुलीचं अधिकारपत्र घेऊन बाप समोर उभा आहे, व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं यायला तयार आहोत, आमच्याकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बायको म्हणते तू फार लांबण लावतोस, त्यांना कशाला पडलीये आपल्या सीआर-१ची. तिला या सगळ्याचा कंटाळा आलाय, आणि तिला दुसरं एक टोचतंय जे मला आधी कळलं नव्हतं. नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९, दोन देशांचं नागरिकत्व आपल्याकडे नाही. मग पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येता यावं म्हणून मिळणारं कार्ड, काढायचं. तिथेही नवा पासपोर्ट, जुना पासपोर्ट, विवाह दाखला, सगळ्यांवरची नावं जुळायला हवीत. ती म्हणाली, सोडायचा तर सोडते, पण निदान शेवटच्या कागदावर माझं नाव तरी माझंच असू दे.

तर आता मुद्द्याचं. दुरुस्तीच्या अर्जाची पोच सासऱ्यांकडे आहे. पुढच्या सोमवारी ते परत येतील, बरोबर मूळ पत्रिका, भटजींचं लेखी पत्र, दोन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं, बायकोच्या पासपोर्टची कॉपी आणि आम्ही सही करून कुरिअरने पाठवलेलं अधिकारपत्र असेल. साक्षीदारांपैकी एक जण तुमच्याच ऑफिसातून रिटायर झालेत, ते जातीने येणार आहेत. तुमच्याकडच्या मूळ अर्जाला तेव्हाची पत्रिका अजून स्टेपल केलेली असणार, ती फाइल आधीच काढून ठेवलीत तर सगळं दहा मिनिटांत होईल. दुरुस्त दाखला त्या दिवशी देता आला नाही तर "विवाह दिनांकाच्या जागी नोंदणीचा दिनांक टंकलिखित झाला" एवढं एक वाक्य लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून द्या, इथे तेवढ्यावर भागेल. आणि याउपर एखादा कागद कमी पडत असेल तर तोंडी सांगू नका, लिहून द्या, सही करून. सासरे ते तिथेच वाचूनच जिना उतरतील.

आपला,
डिसेंबर २०२० मध्ये लग्न झालेला एक नवरा
एडिसन, न्यू जर्सी